थांबलेलं पाणी

मागच्या महिन्यात एक फोन आला. नीरेकाठच्या ज्या गावात मी सात वर्षं कृषी सहायक होते, तिथं माझ्या जागी आलेल्या सहायकांचा. दप्तर ताब्यात घेताना त्यांना माझी पाणीपातळीची वही सापडली होती. तारीख, गट नंबर आणि सेंटिमीटर हे रकाने त्यांना कळले. चौथ्या रकान्यावर मात्र नुसतं ‘तात्या’ असं लिहिलेलं होतं आणि त्याखाली ओळीनं पोटरी, गुडघा, गुडघा, मांडी, कंबर.

“मॅडम, हे काय आहे? तपासणीत विचारलं तर काय सांगू?”

जमिनीखाली पाणी किती खोल आहे त्याचं ते माप आहे, असं मी सांगितलं. अजून शंका असेल तर सोपानतात्यांना गाठा, ते जास्त चांगलं सांगतील, असंही म्हणाले. पलीकडून उत्तर आलं, तात्या श्रावणात गेले.

मी त्यांना चौथा रकाना पूर्ण समजावून दिला आणि फोन ठेवला.

सोपानतात्या मूळचे कालव्यावरचे पाटकरी. कालव्यातून रानांकडे पाणी नेणाऱ्या चारीचं दार पाळीप्रमाणे उघडायचं, ठरलेल्या वेळी बंद करायचं, कुणी चोरून फोडली तर बुजवायची. हे त्यांनी पस्तीस वर्षं केलं. मी गावात रुजू झाले तेव्हा ते निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती आणि त्यांचा दुसरा उद्योग सुरू होता. या उद्योगाचा पगार नव्हता. दर सोमवारी सकाळी ते नदीकडच्या रानांतून फिरायचे. तिथं अकरा ठिकाणी त्यांनी पीव्हीसी पाईपचे तुकडे जमिनीत उभे पुरले होते. खिशातून दोरी काढायची, तिच्या टोकाचा नट पाईपमध्ये सोडायचा आणि कान लावून बसायचं. नट पाण्याला टेकला की बारीक आवाज येतो. तिथं दोरी चिमटीत धरायची, वर ओढायची, नट टाचेजवळ ठेवायचा आणि चिमूट पायाला कुठं लागते ते बघायचं.

“पोटरी,” असं ते म्हणाले की त्या रानाचं काही खरं नसायचं. गुडघा म्हणजे आजारी. पाणी कमरेपेक्षा खोल गेलं की त्यांचा चेहरा सैल व्हायचा.

मी टेप घेऊन गेले होते. पहिल्या सोमवारी मी सेंटिमीटर लिहिले आणि त्यांना वाचून दाखवले. ते म्हणाले, “असू दे. पर लोकास्नी सेंटीमीटर दुखत न्हाय, गुडघा दुखतो.” त्या दिवसापासून वहीत चौथा रकाना आला. ग्रामसभेत मी सेंटिमीटर वाचले तर लोक मोबाईल बघत बसायचे. तात्यांनी उठून ‘खालच्या अंगाला पाणी पोटरीवर आलंय’ असं सांगितलं की पुढच्या रांगेतला माणूस नकळत स्वतःच्या पोटरीकडे बघायचा.

त्या पट्ट्यातली जमीन ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. नदीनं वर्षानुवर्षं आणून टाकलेली काळी चिकणमाती. खोल, भारी, बघणाऱ्याला मोह पडावा अशी. पण तिच्यातून पाणी खाली जात नाही आणि रान इतकं सपाट की बाजूलाही जात नाही. कालवा आला, ऊस आला, पाणी येत राहिलं आणि साचत राहिलं. मग उन्हात खालचा क्षार वर येतो आणि रानावर मीठ शिंपडल्यासारखा पांढरा थर दिसतो. चोपण म्हणतात त्याला. तिथं लव्हाळ्याशिवाय काही उगवत नाही.

तात्या उंच, वाकलेले, पायजमा कायम गुडघ्यापर्यंत दुमडलेला. रानातून बाहेर पडताना ते बांधावर बसायचे आणि विळ्याच्या पाठीनं तळव्याची माती खरवडून त्याच रानात टाकायचे. कुणाची माती कुणाकडं न्यायची नाही, असा त्यांचा नेम. घाईच्या दिवशी मला याचा वैताग यायचा, कारण माझ्या यादीत अजून चार रानं असायची आणि ते पहिल्याच बांधावर पाय खरवडत असायचे. शेवटी मीही खरवडायला लागले. त्यांच्या बायकोला, काकूंना, या उद्योगाचं कौतुक नव्हतं. मी कधी चहाला गेले की त्या मोरीकडे बोट दाखवायच्या. “घरातला नळ दिवाळीपासनं गळतोय बाई. त्यो दिसत न्हाय ह्यांना. गावाच्या भुईखालचं पाणी दिसतंय.”

तात्या ऐकून घ्यायचे. नळ गळत राहायचा.

ओल्या रानात औजार घालणं त्यांना अजिबात चालायचं नाही. वाफसा म्हणजे रान औजाराला तयार होणं. तो या मातीत उशिरा येतो आणि लवकर जातो, त्यामुळे सगळ्यांना घाई. एकदा भाड्याचा ट्रॅक्टर रानाच्या तोंडाशी आला आणि तात्या वाटेतच बसले. ड्रायव्हर म्हणाला, तात्या उठा, मला फुडं लासुर्ण्याला जायचंय. तात्यांनी त्याला रानाच्या मधोमध जाऊन मूठभर माती आणायला लावली, तिचा गोळा करायला लावला आणि समोरच्या बाभळीवर मारायला सांगितला. गोळा बुंध्यावर भाकरीसारखा चपटा बसला.

“चिकटला?”

“चिकटला.”

“मग तू लासुर्ण्याला जा आज.”

तो लासुर्ण्याला गेला नाही. बांध ओलांडून शेजारच्या रानात गेला, कारण तिथं वाटेत बसायला कुणी नव्हतं. उन्हाळ्यात त्या रानातली ढेकळं कुऱ्हाडीच्या तुंब्यानं, तिच्या बोथट पाठीनं, फोडावी लागली. तात्यांनी त्यातलं एक ढेकूळ घरी आणून अंगणातल्या कट्ट्यावर ठेवलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत राहिले. “बघा, वीटभट्टी न लावता वीट.” ज्याचं रान होतं तो माणूस महिनाभर त्या गल्लीतून जात नव्हता.

दुसरी गोष्ट नरसिंहपूरची. तिथं भीमा आणि नीरा भेटतात, पावसाळ्यात दोन्हीकडून पाणी चढतं. तिथला एक शेतकरी उसाची पिवळी पानं पिशवीत घालून तात्यांकडे आला. तात्यांनी पानांकडे पाहिलंच नाही, रान बघू म्हणाले. मला मातीचे नमुने घ्यायचे होतेच, म्हणून मीही गेले. पोचलो तर मोटर चालू, सरीतून पाणी वाहतंय. तात्यांनी आधी मोटर बंद करायला लावली. माणूस गयावया करायला लागला की तात्या, ऊस तहानलाय, पानं बघा कशी झालीत. तात्यांनी गुडघाभर खड्डा खणला आणि त्या माणसाला काठावर बसवून चहा मागवला. चहा येईपर्यंत खड्ड्याच्या चारी बाजू पाझरायला लागल्या होत्या. चहा संपेपर्यंत खड्डा निम्मा भरला.

तात्या म्हणाले, “बुडत्या माणसाम्होरं तांब्या धरतोस व्हय रं?”

ही चूक या पट्ट्यात सगळे करतात. पाण्यात उभ्या उसाच्या मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात आणि मग पान पिवळं पडतं, सुकतं. वरून बघणाऱ्याला वाटतं तहान लागलीय. म्हणून आणखी पाणी. तात्या हे इतक्या ठामपणे सांगायचे की मला वाटायचं, कुठल्या तरी प्रशिक्षणात शिकले असतील. ते तसं नव्हतं, हे मला कौसाआक्कांनी सांगितलं.

कौसाआक्का म्हणजे ओढ्याजवळच्या दोन एकरांच्या मालकीण. त्या काळी नवरा पुण्यात कंपनीत नोकरीला, रान त्या एकट्या बघायच्या. तात्या चारीवर पाटकरी. एका वर्षी खूप पाऊस झाला आणि पावसानंतर त्यांचा ऊस पिवळा पडला. आक्का चारीवर जाऊन रडल्या. तात्यांनी पाळी नसताना दार उघडलं. एकदा नाही, त्या हंगामात तीनदा, चारदा. पुढच्या वर्षीही. नोकरी धोक्यात घालून बाईमाणसाचं पीक वाचवलं असं सगळ्यांनाच वाटलं आणि आक्का ते गावभर सांगायच्या. दर संक्रांतीला त्या तात्यांच्या घरी तिळगूळ घेऊन जायच्या आणि तेच पुन्हा सांगायच्या. दरम्यान रान एका कोपऱ्यातून पांढरं होत गेलं. शेवटी दोन्ही एकर गेले. दैव म्हणून त्यांनी ते सोडून दिलं आणि दोन म्हशी घेतल्या.

तात्या निवृत्त झाले आणि पहिल्यांदाच स्वतःच्या रानात पूर्णवेळ उतरले. त्यांचाही ऊस पिवळा पडला. पाणी द्यायच्या आधी, कशामुळे कोण जाणे, त्यांनी खणून बघितलं. मला ते एकदा म्हणाले होते, “पस्तीस वर्सं वाहतं पाणी बघितलं. थांबलेलं त्या दिशी पहिल्यांदा बघितलं.” त्या दिवशी खड्ड्याच्या काठावर त्यांना कौसाआक्कांचं रान आठवलं असणार.

त्यानंतर एक संक्रांत आली. आक्का तिळगूळ घेऊन गेल्या, पुन्हा तेच बोलल्या आणि तात्यांनी ऐकून घेतलं. दुसरी संक्रांत येण्याआधी मात्र ते सकाळी दूध घालायच्या वेळी संकलन केंद्रावर गेले. तिथं अर्धं गाव किटल्या घेऊन उभं असतं. सगळ्यांसमोर त्यांनी आक्कांना सांगितलं की तुमचा ऊस पाण्यावाचून पिवळा पडला नव्हता, पाण्यानं पडला होता आणि वरून मी आणखी घातलं. रान माझ्यामुळं गेलं.

आक्का किटली ओतत होत्या. ती त्यांनी पूर्ण रिकामी केली.

“मग काढा की,” त्या म्हणाल्या. “घातलंय तुमी, काढा बी तुमीच.”

मला हे सांगतानाही त्यांच्या आवाजात राग नव्हता. एखाद्याला उसनी नेलेली पाटी परत आणायला सांगावी, तसं. पण त्या संक्रांतीपासून तिळगूळ बंद झाला.

अकरा पाईप, सोमवारची फेरी, ग्रामसभेतली भाषणं, सगळं त्या सकाळनंतरचं. तात्यांनी बाकीच्या रानांचं भलं केलं ते वाटेत जाता जाता. डोक्यात दोन एकरच होते.

काढायचं कसं, हे मी रुजू झाले तोवर त्यांना नीट कळलं होतं. रानाच्या पोटात कमरेइतके खोल चर घ्यायचे, त्यात जाळी गुंडाळलेले भोकांचे पाईप टाकायचे, बुजवायचे आणि पाणी उताराने ओढ्यात सोडायचं. अनुदानाचे कागद मी केले. अडचण एकच होती. कौसाआक्कांचं रान आणि ओढा यांच्यामध्ये माणिकरावांचं रान होतं, आणि माणिकराव नाही म्हणत होते.

माणिकराव तात्यांचे शाळेपासूनचे सोबती. दोघंही एकमेकांना अरे-तुरे करणारे, आणि गावात तात्यांना ‘सोपाना’ म्हणणारा तो एकच माणूस उरला होता. त्यांचं म्हणणं होतं की दुसऱ्याचं खारं पाणी माझ्या रानाच्या पोटातून जाणार नाही. तात्यांनी वाद घातला नाही. माझा इथं एक पाईप तरी पुरू दे, एवढंच मागितलं. तो पुरला. मग दर सोमवारी ते माणिकरावांना हाक मारायचे आणि दोरी त्यांच्याच हातात द्यायचे. मापही माणिकरावांच्याच पायाला लावायचे. माणिकराव बुटके. तात्यांची मांडी ती त्यांची कंबर. त्यावरून दोघांची दर सोमवारी हुज्जत, आणि मी सेंटिमीटर लिहून मोकळी.

हे असंच चालू राहिलं असतं तर बरं झालं असतं. पण तात्यांना धाप लागायला लागली. बारामतीच्या डॉक्टरांनी हृदय मोठं झालंय म्हणून सांगितलं, वाकायचं नाही, खणायचं नाही. आणि ज्या माणसानं मला, आणखी पन्नास जणांना, चराचं काम शेपटाकडून, म्हणजे ओढ्याकडून सुरू करायचं असं बजावलं होतं, त्यानंच एका सकाळी जेसीबी बोलावून कौसाआक्कांच्या रानात वरून चर घ्यायला सुरुवात केली. मी विचारलं तर म्हणाले, माणिक हो म्हणेल तवर निम्मं काम झालेलं असू दे. मी नको म्हणाले. मी नको म्हणाले होते हे वहीतही लिहिलं, कारण ती माझी सवय आहे.

चार दिवसांनी अवकाळी पाऊस झाला. चर तुडुंब भरला, पाण्याला जायला वाट नाही, काठ ढासळले. पाणी फुगून पसरलं आणि रानाच्या ज्या एका उंच तुकड्यावर आक्कांनी म्हशींसाठी घास केला होता, तोही तीन दिवस पाण्यात राहून सडला. दोन एकरांत तेवढंच हिरवं होतं.

मी गेले तेव्हा तात्या चरात उतरलेले, मांडीभर पाण्यात, बादलीनं पाणी उपसत होते. तीन बादल्या झाल्या की काठाला टेकून श्वास घ्यायचे. आक्का बांधावर उभ्या होत्या. त्यांना वर या म्हणत नव्हत्या. पलीकडच्या बांधावर माणिकराव येऊन उभे राहिले आणि बराच वेळ बघत राहिले.

“सोपाना, पस्तीस वर्सं सरकारचा कालवा चालवलास,” ते म्हणाले. “आन आता बादली.”

तात्यांनी बादली भरली, ओतली.

“ओततोस ते फिरून चरातच येतंय की रं.”

“ठाऊक हाय.”

“मग कशापायी ओततोस?”

“आक्का बघत्यात,” तात्या म्हणाले.

माणिकराव आक्कांकडे पाहायला लागले आणि आक्का दुसरीकडे. मग माणिकराव स्वतःच्या रानातल्या पाईपकडे गेले. दोरी तात्यांच्या खिशात होती, म्हणून त्यांनी एक काडी मोडून आत घातली. ती ओली होऊन आली तिथं बोट धरलं आणि काडी उलटी करून पायाशी लावली. पोटरीच्याही खाली, म्हणजे पाणी त्यांच्याही रानात वर आलेलं. परत बांधावर येऊन त्यांनी सांगितलं की माझ्या रानातनं न्या पाईप. पण अट एक. वरची माती वर बसली पाहिजे आणि खालची खाली. उलटीपालटी केलीस तर बघ.

ती अट तात्यांनी अक्षरशः पाळली. ओढ्याकडून सुरुवात झाली. जेसीबीवाल्याला त्यांनी वरची काळी माती एका बाजूला आणि खालची चिकट पिवळट माती दुसऱ्या बाजूला टाकायला लावली. दोन ढिगांच्या मध्ये खुर्ची टाकून, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे न वाकता, पूर्ण आठवडा ते तिथं बसून होते. जेसीबीची एक बादली चुकीच्या ढिगावर पडली तर ती उचलून घ्यायला लावली. माणिकराव दुसऱ्या खुर्चीवर बसून ते तपासत होते.

ओढ्याच्या काठावर पाईपचं तोंड उघडलं तेव्हा आधी गढूळ पाणी आलं, मग स्वच्छ. तात्यांनी बोट बुडवून जिभेला लावलं आणि थुंकले. खूप खारट असणार. ते बघून माणिकरावांनीही चाखलं आणि तेही थुंकले. आक्कांनी चाखलं नाही.

पाणी निघालं म्हणजे रान आलं असं होत नाही. त्यानंतर जिप्सम टाकणं, हिरवळीच्या खतासाठी धैंचा पेरून तो गाडणं आणि पावसानं क्षार खाली धुऊन नेण्याची वाट बघणं. दोन पावसाळे गेले. तिसऱ्या वर्षी आक्कांनी वरच्या एकरात गहू टाकला आणि तो आला. फार दाट नव्हता, पण उभा होता. खालचा एकर अजून पांढराच होता. तिथली माती जास्त बिघडलेली, तिला वेळ लागणार होता, आणि नेमका किती हे मलाही सांगता येत नव्हतं.

त्याच उन्हाळ्यात माझी इंदापूरला बदली झाली. निरोपाची यादी केली होती, त्यात तात्या शेवटी होते. घरी गेले तर काकू म्हणाल्या, घरात कुठले, आक्कांच्या रानात आहेत.

गव्हाची कापणी चालू होती. आक्का आणि आणखी दोघी वाकून कापत होत्या. तात्या खालच्या बाजूला, जिथं गहू संपतो आणि पांढरं रान सुरू होतं, तिथं काठी टेकून उभे. चार पावलं चालून आल्यासारखी धाप लागलेली, खरं तर ते नुसते उभे होते. मी बदलीचं सांगितलं. ते म्हणाले, वही नव्या माणसाला नीट समजावून द्या. मी हो म्हणाले. ते केलं नाही, ही माझी चूक.

मग ते आक्कांकडे वळले. कापत कापत त्या आमच्यापर्यंत आल्या होत्या.

“आक्का, माज्याच्यानं एवढंच झालं बघा,” तात्या म्हणाले. “अर्धं रान आलं.”

आक्कांनी मूठभर ताटं कापली, बाजूला ठेवली आणि पुढची मूठ धरली. वर पाहिलं नाही.

“अर्धं ऱ्हायलंय,” त्या म्हणाल्या. “तवर कुठं जायाचं न्हाय.”

तात्या हसले. हसताना खोकला आला, तो थांबेपर्यंत ते काठीवर रेलून राहिले. आक्काही तोवर थांबल्या.

“बरं,” तात्या म्हणाले.

मला इंदापूरची एसटी गाठायची होती. रस्त्यावर पोचून मी मागं पाहिलं. आक्का कंबर सरळ करून उभ्या होत्या आणि विळ्यानं पांढऱ्या रानात खूण करून काही दाखवत होत्या, बहुधा कुठं पाणी अजून मुरत नाही ते. त्या जिकडे विळा करत होत्या तिकडे तात्या एकेक पाऊल टाकत चालले होते.